आमची वाटचाल : वही करणं आणि वही देणं

आमचा व्यवसाय बाइंडिंगचा. सुरुवात हिशेबाच्या चोपड्यांपासून झाली. रोजमेळ, खतावणी, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या असा माल होता आणि नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजा भागातले व्यापारी हे गिऱ्हाईक. हिशेब संगणकावर गेले, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि चोपडी पाडव्याच्या व लक्ष्मीपूजनाच्या पूजेपुरती उरली. आता अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मुख्य काम शालेय वह्यांचं आहे. दरवर्षी त्यातल्या काही वह्या पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना जातात. त्या कशा तयार होतात, कशा पोचतात आणि या कामात कुठे काय बिघडतं, ते इथे लिहीत आहोत. असं काम करू पाहणाऱ्या दुसऱ्या छोट्या उद्योजकांना त्याचा उपयोग व्हावा.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आमच्यासारखे गाळेवाले त्याच्या जवळपासही नाहीत. म्हणजे आम्हाला कुणी हिशेब मागणार नाही. म्हणूनच तो आम्ही स्वतः ठेवतो. वस्तूरूपात दिलेल्या देणगीला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, त्यामुळे कर वाचवायचा म्हणून वह्या द्यायला निघालेल्यांनी हे आधी समजून घ्यावं. पूर्वी माल फुकट दिला की त्याच्या कच्च्या मालावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट परत भरावी लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वहीवरचा कर १२ टक्क्यांवरून शून्य झाला, तेव्हा तो प्रश्नच उरला नाही. वहीसाठीचा कागदही करमुक्त झाला. मुखपृष्ठाचा बोर्ड, तार, शाई यांवर भरलेल्या कराची वजावट मात्र आता मिळत नाही, ती किमतीत धरावी लागते.

पैसा कुठून काढायचा? आम्ही कतरणीचा काढतो. वही तीन बाजूंनी कापली की कागदाच्या पट्ट्या निघतात, त्या कागद गिरण्यांसाठी किलोवर विकल्या जातात. कोरी-रेघांची पांढरी कतरण आणि मुखपृष्ठाची रंगीत कतरण वेगळ्या पोत्यांत भरायची, एकत्र झाली की पांढऱ्यालाही रंगीताचा भाव मिळतो. हे पैसे वेगळ्या वहीत जमा होतात आणि ती वही कामगारांसाठी उघडी असते. धंदा वाढला की रक्कम आपोआप वाढते, मंदीत कमी होते, मालकाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर काही अवलंबून राहत नाही.

आमचा एक नियम पक्का आहे. बाद माल शाळेत द्यायचा नाही. रेघा तिरप्या गेलेल्या, पीन दुमडीच्या मध्यावर न बसलेल्या, कटिंगला कोन निघालेल्या वह्या प्रत्येक कारखान्यात साठतात आणि ‘गरिबांच्या पोरांना चालतील’ असं सहज म्हटलं जातं. चालत नाहीत. पहिलीतलं मूल रेघेच्या आधारानं अक्षराचा आकार शिकतं. तिरप्या रेघेवर गिरवलेलं अक्षर तिरपंच बसतं आणि बोलणी मुलाला खावी लागतात. असा माल आम्ही फाडून कच्च्या कामाचे पॅड करतो, नाहीतर रद्दीत घालतो.

दुरेघीकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष असतं. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, खालच्या रेघेवर टेकतं. पण वेलांटी, मात्रा, रफार यांना वर जागा हवी आणि उकार, ऋकारांना खाली. रेघांच्या दोन जोड्यांमधलं अंतर कमी ठेवलं की पानावर ओळी जास्त बसतात आणि छापील पानसंख्या तीच राहून वही ‘जास्त मावणारी’ वाटते. मग ‘कु’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. आम्ही लहान वर्गांसाठी जोडीतलं अंतर ८ मिलिमीटर आणि दोन जोड्यांमधलं अंतरही तेवढंच ठेवतो. चौकटी वहीत पहिली-दुसरीला १० मिलिमीटरची चौकट, पुढे ७. रेघेची शाई फिकट निळी. गडद रेघेवर पेन्सिलीचं अक्षर दिसेनासं होतं, आणि ज्या वर्गात उजेड एकाच खिडकीतून येतो तिथे तर फारच.

कागद ५७-५८ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा घ्यावा. ५४ च्या खाली उतरलं की दोन गोष्टी घडतात. बॉलपेनचं अक्षर पलीकडच्या बाजूला उमटतं, म्हणजे निम्मी वही वाया. आणि खोडरबर दोनदा फिरला की कागद फाटतो. लहान मुलं तर सतत खोडतात. कागदाचं सायझिंग, म्हणजे शाई पसरू नये म्हणून केलेली प्रक्रिया, बरोबर आहे का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, शाईच्या पेननं एक रेघ ओढायची. कडा फुटल्या तर तो रोल परत. ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, वहीच्या पाठीला समांतर असली पाहिजे. आडवी गेली की वही सपाट उघडत नाही आणि पावसाळ्यात कडा लहरी धरतात. ग्रेन कळायला कागदाचा तुकडा एका बाजूनं ओला करावा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती तंतूंची दिशा.

पेठ-सुरगाण्याचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट आहे. म्हणून तिकडच्या वह्यांना जस्ताचा मुलामा असलेलीच तार वापरायची. साधी तार दोन महिन्यांत गंजते, डाग मधल्या पानांवर उतरतो आणि मग पानं सुटतात. पिनेचे पाय वहीच्या जाडीप्रमाणे बदलावे लागतात. आखूड पडले तर पीन आत वळत नाही, लांब राहिले तर टोक बोटाला लागतं. मशीन १७२ पानीवरून १०० पानीवर आणलं की पहिल्या काही वह्या हातात घेऊन मधल्या पानावरून बोट फिरवायचं, हे काम ऑपरेटरचंच.

पानांचा हिशेबही सांगायला हवा. मध्ये पीन मारलेल्या वहीत एका जोडपानाची ४ पानं होतात. १७२ पानी म्हणजे ४३ जोडपानं. पण बाजारात मुखपृष्ठाची ४ पानं धरून १७२ लिहिण्याचीही रीत आहे, तेव्हा आत ४२ च निघतात. देणगीसाठी वह्या विकत घेणाऱ्यांनी एक वही उघडून मोजावी.

प्राथमिकला आम्ही १०० पानीच देतो. कारण वजन. २७ बाय १७ सेंटिमीटरची १७२ पानी वही मुखपृष्ठासह साधारण २४५ ग्रॅम भरते, १०० पानी १५० च्या आसपास. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. २० किलोच्या मुलाला २ किलो. सहा जाड वह्यांनीच दीड किलो होतो, आणि डोंगरातल्या पाड्यावरून शाळेची वाट चढउताराची असते.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, वही पालकांनी घ्यायची. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये पाठ्यपुस्तकातच कोरी पानं जोडली होती, २०२५-२६ पासून ती बंद झाली. तेव्हा वहीची गरज पुन्हा पूर्वीइतकी आहे.

वाटपाचं बघू. जूनच्या मध्यात शाळा उघडते त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नये. पट तोवर ठरलेला नसतो. पहिले दोन आठवडे जाऊ द्यावेत, केंद्रप्रमुखांशी, म्हणजे भागातल्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलावं आणि मुख्याध्यापकांकडून इयत्तावार यादी घ्यावी. बऱ्याच पाड्यांवरच्या शाळा द्विशिक्षकी, दोन माणसांवर चार वर्ग. त्यांच्यापुढे डझनांचे गठ्ठे टाकले तर निवडायला आणि वाटायला त्यांचा शिकवण्याचा दिवस जातो. म्हणून गठ्ठा कारखान्यातच मुलागणिक बांधायचा. पहिली-दुसरीला दोन दुरेघी, एक चौकटी, एक चाररेघी, एक चित्रकलेची. तिसरी-चौथीला दुरेघीच्या जागी एकरेघी आणि त्यांत आणखी एकीची भर. शाळेच्या नावाच्या पेटीत आतून प्लॅस्टिकचं अस्तर, आणि यादीपेक्षा दोन-तीन गठ्ठे जास्त, कारण उशिरा दाखल होणारी मुलं असतातच.

मुखपृष्ठावर आमचं नाव नसतं. नावाची रेघ मोठी, मागे पाढे आणि बाराखडी. ही वही आपल्याला कुणी दिली हे मुलानं वर्षभर वाचत बसावं, असं आम्हाला वाटत नाही. रांगेत उभं करून फोटोही काढत नाही. पोच म्हणून मुख्याध्यापकांची सही पुरते.

दुसरी फेरी दिवाळीआधी. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरांची गरज वाढते, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मग जानेवारीपासून काढणी. पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं बिऱ्हाड घेऊन खाली उतरतात, मुलंही बरोबर. जूनच्या वह्या तोवर संपलेल्या असतात. ही फेरी शाळेच्या कपाटात ठेवायची नाही, मुलाच्या हातात द्यायची, म्हणजे ती बिऱ्हाडाबरोबर जाते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवून बागेजवळच्या शाळेत बसता येतं. गठ्ठा देताना कार्ड मिळालं का, एवढं शिक्षकांना जरूर विचारावं.

हे सगळं बाहेरचं झालं. वहीच्या धंद्यात शिक्षणाची खरी कसोटी गाळ्याच्या आत लागते. आमचा हंगाम मार्च ते जून, त्यातच शाळेची उन्हाळी सुट्टी येते. त्या दिवसांत कामगारांची, शेजारपाजारची मुलं ‘सुट्टीत लावून घ्या’ म्हणून येतात, आईवडीलच घेऊन येतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावण्यास पूर्ण बंदी आहे. आम्ही अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणालाच घेत नाही. कटिंग मशीनचं पातं दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली येत नाही, आणि तरीही तिथे लक्ष पक्कं असलेला माणूसच लागतो. जोडपानं मोजण्याचं, मुखपृष्ठ दुमडण्याचं काम नगावर घरी देण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. स्वस्त पडतं. पण घरी गेलेलं काम रात्री मुलांच्या हातांनी होतं आणि ते कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाही. म्हणून आम्ही घरी काम देत नाही, हंगामात दुसरी पाळी लावतो. वही थोडी महाग पडते, ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

कामगारांच्या मुलांसाठी सरकारी योजना आहेत, पण कागद वेळेवर न जमल्यानं त्या हुकतात. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी व अनुदानित शाळेतल्या, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अडतं ते बँक खात्यावर. खातं मुलाच्या नावाचं हवं आणि आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. दरवर्षी नूतनीकरणही करावं लागतं, ते विसरलं की पैसे थांबतात. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी जून आणि डिसेंबरमध्ये आपण भरतोच. त्या मंडळाकडून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे कामगारांना सांगणं मालकाचं काम आहे. आम्ही पगारपत्रकासोबत त्या महिन्याच्या तारखा मराठीत छापून देतो.

स्वतः कामगारांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास होऊन शाळा सुटलेली व्यक्ती खासगीरीत्या दहावीला बसू शकते, दहावी झालेली बारावीला. मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. गावाकडच्या शाळेतून ती प्रत आणायला एक-दोन दिवस मोडतात, त्या दिवसांचा पगार आम्ही कापत नाही. बारावीनंतर नाशिकजवळच्या गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी चाललेलं. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आमच्या हंगामाच्या तोंडावर येतात, म्हणून पाळ्यांचं वेळापत्रक जानेवारीतच लावून घेतो आणि परीक्षेच्या दिवशी त्या माणसाच्या मशीनवर कोण उभं राहील ते त्याच कागदावर लिहितो.