शेल स्क्रिप्टमधून एक्स सत्र सुरू करताना आलेला माझा अनुभव

सांगलीच्या गावभागातील एका लहान वाचनालयात वाचकांना पुस्तकांची सूची स्वतः पाहता यावी, यासाठी मी एक जुना संगणक तयार करून दिला. त्याची रॅम २ जीबी होती. त्यामुळे संपूर्ण डेस्कटॉप न बसवता मी डेबियन १२ या लिनक्स प्रणालीची किमान मांडणी घेतली आणि तिच्यावर एक्स सर्व्हर (लिनक्सवर पडद्यावर खिडक्या आणि चित्रे दाखवणाऱ्या ‘एक्स’ या व्यवस्थेचा मुख्य प्रोग्रॅम), ओपनबॉक्स हा खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर आणि फायरफॉक्स हा ब्राउझर एवढेच चढवले. ग्रंथपाल ताईंची अट एकच होती. “सर, लाइट जाऊन परत आली की हे आपोआप सुरू झालं पाहिजे. काउंटरवर गर्दी असताना मला पासवर्ड टाकत बसता येत नाही.” अट अगदी रास्त होती, आणि ती पुरी करण्यासाठी एक्सचे सत्र माणसाऐवजी शेल स्क्रिप्टने, म्हणजे शेल हा प्रोग्रॅम ओळीने चालवतो अशा आज्ञांच्या फाइलने, सुरू करणे भाग होते.

पहिली स्क्रिप्ट मी घरी लिहिली आणि वाचनालयात जाऊन माझ्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमार्गे, त्या संगणकात शिरून चालवली. फक्त कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या मजकुरी पडद्यासमोर, बसलेल्या वापरकर्त्यालाच एक्स सर्व्हर चालवता येतो, अशा अर्थाचा संदेश लगेच आला. एक्स कोणाला चालवता यावा हे ठरवणाऱ्या एक्सरॅपर कॉन्फिग या फाइलमध्ये ‘कन्सोल’च्या जागी ‘कोणीही’ अशा अर्थाचा शब्द घालून मी ती मनाई उठवली, तेव्हा तक्रार बदलली आणि आभासी कन्सोल उघडण्याची परवानगी नाही, असे लॉगमध्ये दिसू लागले. एक्स सर्व्हर आता रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराविना चालतो. पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा त्याला लॉगिन सत्राकडून मिळतो, आणि ते सत्र त्या यंत्रासमोरच्याच एखाद्या कन्सोलवरचे असावे लागते. एसएसएचच्या सत्राला असा कन्सोल नसतो. म्हणजे मनाई उठवून मी मूळ प्रश्नाला हातही लावला नव्हता. ती ओळ मी पूर्ववत केली आणि माझ्या मते इतरांनीही ती बदलू नये.

त्यानंतर मी एक्स सुरू करणारी स्टार्टएक्स ही आज्ञा संपादकात उघडून वाचली, कारण ती स्वतः एक शेल स्क्रिप्टच आहे. आपण कोणत्या कन्सोलवर आहोत हे ती पाहते, ओळख पटवण्यासाठी एक यादृच्छिक चावी तयार करून वापरकर्त्याच्या घरातील (होम फोल्डरमधील) डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलमध्ये ठेवते आणि मग एक्सइनिट या प्रोग्रॅमला बोलावते. एक्सइनिट आधी सर्व्हर उभा करतो, तो तयार होण्याची वाट पाहतो आणि नंतर घरातील डॉट एक्सइनिटआरसी ही स्क्रिप्ट चालवतो. येथे ‘सर्व्हर’ या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर असलेले यंत्र नव्हे, तर ज्याच्याकडे पडदा आणि कळफलक आहे तो. फायरफॉक्स आणि ओपनबॉक्स हे त्याच्याकडे जागा मागणारे ग्राहक. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्या गावच्या माणसाला हे सांगणे सोपे जाते: सर्व्हर म्हणजे रंगमंच आणि प्रोग्रॅम म्हणजे पात्रे. डॉट एक्सइनिटआरसी संपली की एक्सइनिट रंगमंचही आवरून घेतो.

हे शेवटचे वाक्य मला नीट कळायला सर्वांत जास्त वेळ लागला. माझ्या डॉट एक्सइनिटआरसीमध्ये पहिली ओळ ओपनबॉक्सची आणि दुसरी फायरफॉक्सची होती. सत्र सुरू झाले, माउसचा बाण दिसला, पण फायरफॉक्स आलाच नाही. ओपनबॉक्स संपल्याशिवाय शेल पुढच्या ओळीकडे वळत नव्हता, आणि विंडो मॅनेजर तर सत्र संपेपर्यंत चालतच राहतो. मग मी दोन्ही ओळींच्या शेवटी अँपरसँडचे (&) चिन्ह घातले. आता पडदा क्षणभर चमकून पुन्हा काळ्या कन्सोलवर येऊ लागला, कारण दोन्ही प्रोग्रॅम पार्श्वभूमीला ढकलून स्क्रिप्ट संपली होती आणि तिच्याबरोबर सत्रही. म्हणून इतर सारे पार्श्वभूमीला पाठवावे आणि ज्याच्या आयुष्यावर सत्राचे आयुष्य अवलंबून असावे, असा एकच प्रोग्रॅम शेवटी पुढे ठेवावा. मी ओपनबॉक्स मागे पाठवला आणि शेवटी किऑस्क रीतीने, म्हणजे पूर्ण पडदाभर, उघडणाऱ्या फायरफॉक्सला अखंड फेऱ्याच्या (लूपच्या) आत ठेवले, म्हणजे एखाद्या वाचकाने तो बंद केला तरी दोन सेकंदांच्या विरामानंतर तो पुन्हा उघडतो.

त्याच फाइलमध्ये, पण त्या फेऱ्याच्या आधी, एक्सच्या पडद्याची निवड बदलणाऱ्या एक्ससेट या आज्ञेच्या दोन ओळी आहेत: एकीने स्क्रीनसेव्हर बंद होतो, दुसरीने पडदा आपोआप मालवण्याच्या तिन्ही वेळा शून्य होतात. मराठी टंकनासाठी कळफलकाची निवडही तिथेच केली. देवनागरी फॉन्ट वेगळा बसवावा लागला, कारण किमान मांडणीत तो नव्हता आणि पुस्तकांच्या नावांऐवजी नुसते चौकोन दिसत होते.

आपोआप सुरू होण्याचा भाग त्यामानाने सरळ होता. पहिल्या कन्सोलवर लॉगिन विचारणाऱ्या गेट्टी या सेवेला आपोआप लॉगिनचा पर्याय दिला आणि त्यासाठी कोणतेही विशेष अधिकार नसलेला ‘वाचक’ हा वेगळा वापरकर्ता केला. त्याच्या बॅश प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिन होताच शेल वाचतो त्या फाइलमध्ये, एक अट लिहिली: चालू एक्स सर्व्हरचा पत्ता ठेवणारे डिस्प्ले हे चल रिकामे असेल आणि आपण पहिल्या कन्सोलवर असू, तरच एक्झेकसह स्टार्टएक्स चालवावे. ही अट नसेल तर दुरुस्तीसाठी दुसऱ्या कन्सोलवरून आत शिरणाऱ्यालाही तीच स्क्रिप्ट गाठते. एक्झेकमुळे शेलची जागा स्टार्टएक्स घेतो, म्हणून एक्स कोसळला तर लॉगिन सत्रच संपते, वाटसरूच्या हाती उघडा शेल राहत नाही आणि गेट्टी नव्याने लॉगिन करून सारे पुन्हा उभे करते. मात्र फाइलमध्ये चूक असेल तर हेच चक्र वेगाने फिरत राहते. तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळांनी दुसऱ्या कन्सोलवर जाता येते, हे मी कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवले आहे.

वाचनालय बंद झाल्यावर पडदा मालवण्यासाठी मी रूटच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत, एक लहान स्क्रिप्ट लावली होती, ती मात्र डिस्प्ले उघडता येत नाही असे सांगून थांबली. क्रॉनला चालू सत्राची काहीच माहिती नसते. डिस्प्ले चलात अपूर्णविराम आणि शून्य घातल्यावर स्क्रिप्ट सर्व्हरपर्यंत पोहोचली, पण रूटच्या घरात ती चावी नसल्याने सर्व्हरने तिला आत घेतले नाही. स्क्रिप्ट ‘वाचक’च्या क्रॉनमध्ये हलवताच काम झाले, कारण चावी त्याच्याच घरात होती. चावीची तपासणी उठवणाऱ्या एक्सहोस्टच्या आज्ञेने हाच अडसर दूर झाला असता, पण सार्वजनिक जागेतील यंत्रावर मला ते योग्य वाटत नाही.

शेवटी बायोसमध्ये (यंत्राच्या स्वतःच्या मूळ मांडणीत) वीज परत येताच यंत्र सुरू व्हावे अशी निवड केली आणि ताईंना बोलावले. त्यांनी स्वतः भिंतीवरचे बटण बंद केले, थोडे थांबून पुन्हा लावले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. कन्सोलवरच्या ओळी सरकून गेल्या, पडदा एकदा काळा झाला आणि सूचीचे पान आले. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘दिवाळी अंक’ असे टंकले आणि यादी येताच काउंटरवर थांबलेल्या वाचकाला हाक मारली, “या काका, आता तुम्हीच बघा.”