तुम्ही विचारलंत म्हणून : नाताळात परदेशातल्या बालगृहात सेवेला जावे का?

लग्नाच्या मांडवात असो, की डिसेंबरातल्या शेतावरच्या भरीत पार्टीत, जळगावात कोणी ओळखीचे भेटले की हा प्रश्न ठरलेलाच असतो : "ताई, तुम्ही नाताळात केनियातल्या अनाथाश्रमात काम करत होतात ना? आमच्या मुलीलाही सुटीत तसे काहीतरी करायचे आहे. कोणत्या संस्थेमार्फत जावे, खर्च किती येतो आणि मुलांसाठी काय न्यावे?" उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते आणि ऐकणाऱ्याला ते थोडे तुटकही वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. जायला माझी हरकत नाही, पण मुलांना भेटायला म्हणून जाऊ नये आणि जमत असेल तर नाताळ टाळून जावे.

माझी नोकरी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे नैरोबीला हिवाळ्यात जाणे सुरू झाले. हिवाळा आपला, तिकडे डिसेंबर म्हणजे उबदार दिवस आणि शाळांची मोठी सुटी, कारण तिथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. जळगावात पारा 10 अंशांच्या खाली उतरलेला असताना विषुववृत्ताजवळच्या या शहरात अंगावर साधी शाल पुरते, आणि तीही लागते ती केवळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर असल्यामुळे. मुलाच्या शेजारचे एक गृहस्थ शहराबाहेर किआंबू भागातल्या एका बालगृहाचे हिशेब पाहत असत. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी मला मुले दाखवली नाहीत. काय येते एवढेच विचारले. मुलांमध्ये बसायला डिसेंबरात पुष्कळ माणसे येतात, कोठीघरात मात्र कोणी येत नाही, असे त्या म्हणाल्या. आश्रमशाळेचे कोठार मी अनेक वर्षे सांभाळलेले असल्याने मला ते तिथल्या तिथे पटले.

त्यामुळे माझा नाताळ कोठीत आणि स्वयंपाकघरात गेला. केनियात चपाती हा सणाचा पदार्थ आहे, हे आपल्याला नवल वाटेल. रोजच्या जेवणात मक्याच्या पिठाची उगाली आणि चिरून परतलेली सुकुमा विकीची पाने असतात. नाताळाला मात्र चपाती, पिलाव आणि ऐपत असेल तर भाजलेले बकऱ्याचे मटण. स्वयंपाकीणबाई, ज्यांना सगळे नुसते ममा म्हणत, कोमट पाण्यात मैदा तेल घालून मऊसर मळत, पोळी लाटून तिला तेल लावत, तिची गुंडाळी करून ती चक्रासारखी वळवून ठेवत आणि मग पुन्हा लाटून जाड तव्यावर तेल सोडून भाजत. पदर सुटलेली ती चपाती टोपलीत कापडाखाली एकावर एक रचली जाई, आणि शेजारच्या बिनकानाच्या भल्यामोठ्या पातेल्यात न्देंगू, म्हणजे आपले हिरवे मूग, रटरटत असत. उलट्या खापरावर टाकायचा मांडा आम्ही हातावर कसा मोठा करतो, हे मी त्यांना करून दाखवायला गेले, तेव्हा मैद्याचा गोळा कोपरापर्यंत ओघळला आणि ममा बराच वेळ हसत होत्या. शंभरेक चपात्यांना अख्खी सकाळ लागते. त्या वेळात दोन हात जास्त मिळाले, तर ममांना मुलांकडे पाहायला थोडी उसंत मिळते. माझ्या सेवेचा उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.

आता पाहुण्यांविषयी. डिसेंबराच्या मध्यापासून बालगृहाच्या फाटकाशी गाड्या येऊ लागतात. कंपन्यांचे कर्मचारी, चर्चची मंडळे, युरोप-अमेरिकेतून आलेले तरुण आणि आपले भारतीयही. केक येतो, फुगे येतात, त्याच त्या बाहुल्या येतात, मुलांना गाणे म्हणायला सांगितले जाते आणि फोटो काढले जातात. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे चित्र प्रसिद्ध करता येत नाही. जळगावच्या बालगृहात जो मनुष्य मोबाइल खिशात ठेवील, तोच परदेशात गेल्यावर अनोळखी लेकराला कडेवर घेऊन छायाचित्र सगळ्यांना पाठवतो, याचे मला मोठे आश्चर्य वाटते.

पहिल्याच भेटीत मूल गळ्यात पडले, की पाहुण्यांना भरून येते. मला त्याची धास्ती वाटते. आईबापांच्या सावलीत वाढणारे लहान मूल अनोळखी माणसाला आधी बिचकते. जे मूल कोणाच्याही मांडीवर जाऊन बसते, त्याच्या आयुष्यात माणसे फार वेळा बदललेली असतात. रुमानियातल्या संस्थांमधील 136 बालकांना घेऊन बुखारेस्टमध्ये 2000 साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी ज्यांना लहान वयातच पालक-कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचे मूल सांभाळायला घेणाऱ्या घरात, ठेवले गेले, त्यांची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना त्याचा अधिक लाभ झाला. बालगृह कितीही स्वच्छ असले, तरी तिथल्या माणसांच्या पाळ्या बदलतात. त्यात दर आठवड्याला नवे ताई-दादा येऊन जीव लावून निघून गेले, तर मुलाच्या मनात काय होत असेल, हे आश्रमशाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

किआंबूच्या त्या बालगृहाची मला आवडलेली गोष्ट निराळीच होती. नाताळ जवळ येई, तसतसे ते रिकामे होत जाई. तिथली बहुतेक मुले अनाथ नव्हती. कोणाची आई होती, कोणाची आजी, कोणाचा काका, आणि मुले संस्थेत आली होती ती मुख्यतः गरिबीमुळे, आजारपणामुळे किंवा घर मोडल्यामुळे. नाताळाला अख्खे नैरोबी गावाकडे निघते आणि बसची भाडी कडाडतात. म्हणून सामाजिक कार्यकर्ती नोव्हेंबरपासूनच नातेवाइकांना फोन लावी, आधी स्वतः घर पाहून येई, आणि मग प्रवासभाडे, मैदा, तेल आणि साखर देऊन मुलाला घरी पोचवले जाई. सुटी बरी गेली, तर पुढे कायमचे घरी पाठवण्याचा विचार होई. माझे कोठीतले निम्मे काम म्हणजे या घरी नेण्याच्या पिशव्या भरणे हे होते. एका मुलाने आपल्या पिशवीतली साखर मला तीनदा उघडून दाखवायला लावली, कारण आजीला चहात साखर जास्त लागते.

हे पाहताना मला नवापूरकडचे, आश्रमशाळेतले दिवस आठवत. दिवाळीच्या सुटीत पालक मुलांना न्यायला येत, आणि दिवाळी सरली की त्यांतलीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जात. आईबाप असूनही पाच-सहा महिने घराला कुलूप असलेली लेकरे आम्ही सांभाळली. त्यांना नव्या खेळण्याची आस नसे. आई कोणत्या गावाच्या फडावर आहे, एवढे कळले तरी ती जेवत.

मुले संस्थेत ठेवण्याला पैसा मिळू लागला, की मुले शोधून आणली जातात, हा अनुभव अनेक देशांनी घेतला आहे. केनियाने 2017 मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबाकडे नेण्याचे दहा वर्षांचे धोरण आणले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019 च्या ठरावात अनाथालयांमधील स्वयंसेवेच्या पर्यटनातून होणाऱ्या हानीची दखल घेतली. आपल्या राज्यातही बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना 2,250 रुपये अडचणीतल्या कुटुंबाला मिळतात, ते मूल घरीच वाढावे याच विचाराने. आपल्या गल्लीतल्या एखाद्या विधवा बाईचा हा अर्ज भरून देणे, कागद जोडणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हीसुद्धा सेवाच आहे आणि तिला विमानाचे तिकीट लागत नाही. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात, असा माझा अनुभव आहे.

अमळनेरच्या छात्रालयाचे उदाहरण आपल्याला घरचेच आहे. साने गुरुजी 1924 मध्ये तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले आणि 1930 मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. मुलांचे कपडे आणि खोल्या स्वतःच्या हाताने आवरणारा तो गृहपती मुलांना वर्षानुवर्षे रोज दिसत होता. आठवडाभराच्या पाहुण्याने त्या मायेची नक्कल करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तरीही कन्या जाणारच असेल, तर व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. पर्यटक म्हणून मिळालेली परवानगी ही कामाची परवानगी नव्हे, काम बिनपगारी असले तरीही. संस्थेकडून त्याची रीतसर व्यवस्था आधी करून घ्यावी. जी संस्था पोलीस पडताळणी न मागता थेट मुलांमध्ये सोडते, तिच्याकडे जाऊ नये. खेळणी आणि चॉकलेटे नेऊ नयेत. पैसे द्यायचे असतील, तर ते जानेवारीसाठी म्हणून द्यावेत : नाताळाच्या गाड्या निघून गेलेल्या असतात आणि शाळेची फी, गणवेश व वह्या हे सगळे त्याच महिन्यात एकदम समोर येते. मुलगी लेखापाल असेल तर हिशेब, परिचारिका असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, काहीच नसेल तर कोठीघर.

आणि तिकीट काढण्यापूर्वी संस्थेला फोन करून एक प्रश्न जरूर विचारावा : यंदा तुमच्याकडची किती मुले नाताळाला घरी जाणार आहेत? नेमका आकडा सांगून वर भाड्याच्या पैशांची अडचण सांगितली, तर पुढे बोलणी करावीत. सगळी मुले इथेच असतील आणि पाहुण्यांसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम बसवला आहे असे उत्तर आले, तर मुलीला त्या सुटीत जळगावातच राहू द्यावे.