दुसरी दुर्बीण

आमच्या आठ इंची डॉब्सोनियनवर, म्हणजे साध्या लाकडी बेसवर फिरणाऱ्या आरशाच्या दुर्बिणीवर, हल्ली घरातल्या सगळ्यांच्या टोप्या अडकवलेल्या असतात. यात तिचा काही दोष नाही, 200 मिमीचा आरसा आहे, गुरूचे पट्टे काय, मृगातला तेजोमेघ काय, बिचारी सगळं मन लावून दाखवते. पण नळी आणि खालचा लाकडी बेस मिळून वजन वीस किलोच्या वर, म्हणजे दोन खेपा, दार पायाने धरायचं, मग आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत अर्धाएक तास नुसतं बसायचं कारण तोवर गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो, आणि तो एकदाचा शांत झाला की बरोब्बर ढग.

म्हणून दुसरी हवी होती. एका हातात मावणारी.

पहिला मोह मॅकचा. मॅक म्हणजे माक्सुतोव्ह, पुढे जाड वक्र काच, मागे आरसा, प्रकाश आतल्या आत दुमडलेला, त्यामुळे 1300 मिमीची फोकल लेंथ, म्हणजे प्रकाश एका बिंदूत येईपर्यंतचं अंतर, डब्याएवढ्या नळीत बसते. चंद्र तर असा कोरीव दिसतो की बास. मी घेतलीच होती जवळजवळ, पण एका रात्री झोप येईना म्हणून हिशोब करत बसलो. साधा 25 मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याशी असतं ते भिंग, लावला तर माझ्या मोठीत 48 पट मोठं दिसतं, 102 मिमीच्या मॅकमध्ये 52 पट, आणि दोन्हीत आकाशाचा तुकडा साधारण एक अंशाचा. म्हणजे मोठीत दिसतं तेच, फक्त अंधुक! कृत्तिका जवळजवळ दोन अंश पसरलेल्या, त्या हिच्यातही मावणार नाहीत आणि तिच्यातही.

तेच 80 मिमीचा, 400 मिमी फोकल लेंथचा आखूड रिफ्रॅक्टर, म्हणजे आरशाऐवजी भिंगांची दुर्बीण, घेतला तर तोच आयपीस 16 पट दाखवतो आणि तीन अंश आकाश, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने बसतील एवढं. प्रकाश मोठीच्या एक षष्ठांश, मान्य. आखूड नळीत दोन भिंगांना सगळे रंग एका जागी आणणं जमत नाही, म्हणून चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते, तेही मान्य. चंद्र नीट बघायचा असेल तेव्हा मोठी आहेच की.

टेबलावर ठेवायच्या 130 मिमीच्या छोट्या डॉब्सोनियनचाही विचार केला, दिसतं त्यात उत्तम, पण मग टेबल कोण उचलणार?

शेवटी तो रिफ्रॅक्टरच घेतला, पण फसलो ते ट्रायपॉडला. दुर्बीण दीड-दोन किलोची, हिला काय लागतंय असं म्हणून घरातलाच फोटोचा काटकुळा ट्रायपॉड लावला आणि फोकसला बोट लावलं की तारा भिंगरीसारखा नाचायचा, थांबेपर्यंत मी काय बघत होतो तेच विसरायचो. शेवटी ट्रायपॉडवर दुर्बिणीइतकेच पैसे घातले आणि ते घरात अजून नीटसं सांगितलेलं नाही.

परवा पहाटे पाणी प्यायला उठलो, खिडकीतून कृत्तिका दिसल्या, तसाच अनवाणी बाहेर. पूर्ण गुच्छ, चारी बाजूंनी काळी जागा सोडून, मधोमध. दहा मिनिटांत परत अंथरुणात, पाणी प्यायचं राहूनच गेलं.