तुम्ही विचारलंत म्हणून : फ्लॅटचा हप्ता चालू असताना पोस्टात पाचशे कशाला?

जाऊबाई विचारतात, ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका विचारतात. भाचा तर दर भेटीत हिशोबच मांडतो. "मामी, जळगावच्या फ्लॅटच्या कर्जाला बँक पोस्टापेक्षा जास्त व्याज लावते. पोस्टाच्या आरडीला, म्हणजे महिन्याच्या महिन्याला भरायच्या ठेवीला, 6.7 टक्के मिळतात. तेच पैसे कर्जात भर ना. आणि प्लॉटमध्ये एकदा पोळल्यावर पुन्हा बांधकामात पडलातच कशाला?"

हिशोब त्याचा बरोबर आहे. मी दहावीपर्यंतच शिकले, पण एवढं गणित मला येतं.

पण 2016 च्या जूनमध्ये भाचा आमच्या घरात नव्हता.

गावाबाहेरच्या कापसाच्या शेतात प्लॉट पाडले होते. आम्ही दीड गुंठा धरला. इसार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला दिला, सणाचा मुहूर्त म्हणून. पुढे हप्ते. एजंट घरी यायचा, चहा घ्यायचा, म्हणायचा, "वहिनी, सोनं चोरीला जाईल, जमीन काय पयी जास का?" म्हणजे पळून जाते का. मला ते पटलं. जानेवारीत तो म्हणाला, उरलेले एकरकमी भरा, लगेच खरेदीखत करून देतो. पोस्टात माझी महिना हजाराची आरडी होती, 42 हप्ते भरलेली. यांनी नको म्हटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मोडायचा हट्ट माझा होता. मुदतीआधी मोडली म्हणून बचत खात्याचंच व्याज मिळालं, 45 हजारांच्या आसपास हातात आले. त्याच संध्याकाळी ते एजंटला दिले.

जूनमध्ये सासरे न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी 50 हजार भरायला सांगितले. एजंटला फोन केला, प्लॉट परत घ्या, कमी पैसे द्या, पण आज द्या. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आणा, मी कागद फिरवून देतो." गिऱ्हाईक कोण येणार? जमीन एनए, म्हणजे बिनशेती नव्हती, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर, आणि आमच्याकडे नोटरीचा एक कागद. 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता, शेतजमिनीच्या एवढ्याशा तुकड्याची खरेदी-विक्री कायद्याने चालत नव्हती, हे मला त्या दिवशी एका वकिलाकडून कळलं. खरेदीखत का होत नव्हतं, तेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे गेले. पोत आणि दोन बांगड्या. त्याने पोतीतले काळे मणी वेगळे केले, वाट्यांमधली लाख वजा धरली आणि छोट्या काट्यावर जे राहिलं त्याचं वजन सांगितलं. महिना दोन टक्के व्याज. मी गळ्यात साधा दोरा बांधून दवाखान्यात गेले. सासऱ्यांनी पाहिलं, तोंड भिंतीकडे केलं. ऑपरेशन दोन दिवस उशिरा झालं. पुढे ते काठीनेच चालले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी फरक पडला नाही. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. सोनं सोडवायला दीड वर्ष लागलं.

तेव्हाची मी आज समोर बसली तर म्हणेल, भाड्याच्या घरात म्हातारपण काढायचं का? तिचं चूक नव्हतं. म्हणूनच पुन्हा घर घेतलं. या वेळी महारेराचा, म्हणजे बांधकामांची सरकारी नोंद असते तिथला, नंबर स्वतः तपासला. दहा टक्क्यांच्या वर पैसे मागितले तेव्हा आधी साठेखत नोंदवायला लावलं, कायद्यात तसं आहे. ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हेही वाचलं. तरी ताबा वेळेवर मिळेलच असं कुठे लिहिलंय? एकेक स्लॅब ओतून झाला की बँक बिल्डरला पैसे सोडते, आमचा हप्ता वाढतो.

आणि पोस्टाचं म्हणाल तर तीही काही रात्री-अपरात्री उघडणारी पेटी नाही. तीन वर्षांच्या आत आरडी मोडता येत नाही. बारा हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, तेवढंच. म्हणून मी दर वर्षी पाचशेचं एक नवं पुस्तक काढते, म्हणजे एखादं तरी जुनं हाताशी असतं. कर्जात भरलेला पैसा बँक परत देत नाही. वर्षाला काही रुपये तोटा होतो, तो मी समजून-उमजून सोसते. भाच्याला हे भीतीपोटी वाटतं. असेलही.

2021 चं पुस्तक या महिन्यात पिकतंय, 35 हजारांच्या आसपास येतील. बिल्डरचं पत्रही याच महिन्यात आलंय, पुढच्या स्लॅबचं, आपला वाटा भरा म्हणून. हे म्हणतात, या वेळी भरून टाकू, हप्ता हलका होईल. पुस्तक शिलाई मशीनच्या खणात आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.