होडी खंय गेली?

मालवणात राहून होडी न काढणारी चित्रकार, अशी आता माझी ओळख झाली आहे. पूर्वी दांडीच्या किनाऱ्यावर बसून मी जलरंगात सगळं काढायचे: रापण ओढणारी माणसं, माड, मागे सिंधुदुर्ग किल्ला. पर्यटक ती चित्रं आवडीनं न्यायचे, त्यांवर माझं घरही चालायचं. पण होडी काढली की बघणाऱ्याची नजर होडीवरच थांबते. मला दाखवायचा असतो मिरगाआधीचा समुद्र, पाणी शिशासारखं जड होतं आणि आभाळाची कड पुसून जाते तेव्हाचा.

वाट सापडली ती डच चित्रकार मोंद्रियानमुळे. नेदरलँड्समधल्या डोंबुर्गच्या किनाऱ्यावर त्यानं समुद्र आणि पाण्यात शिरलेला धक्का पुन्हापुन्हा रेखाटला. १९१५च्या सुमारास त्यातून उरल्या फक्त आखूड उभ्या-आडव्या रेघा. तरी पाणी हलतंच! आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचंही तसंच. सुरुवात मानवाकृतींनी, लघुचित्रांच्या अभ्यासानं. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवणं आणि खरवडणं.

ही आकृतीशिवायची, अमूर्त चित्रं परदेशातून आली असं कुणी म्हटलं, की मी त्यांना राजापूरकडचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, बघायला सांगते. कशेळीच्या कातळावर भलामोठा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या आत आणखी प्राणी. आणि त्याच तालुक्यात देवीहसोळला एका चौकोनात नुसत्या रेषा आणि वळणं, कशाचंच चित्र नसलेली. आपल्या कातळावर दोन्ही आहे.

आता मी कॅनव्हासवर अॅक्रिलिक वापरते, आणि चिरेखाणीतला जांभ्या दगडाचा लाल चुरा. तो कुटून, वस्त्रगाळ करून माध्यमात कालवायचा. जांभ्याची लाली लोहाच्या ऑक्साइडची, उन्हानं उडत नाही. खालचा करडा थर पूर्ण वाळल्यावर तो चढवायचा. घाई केली तर दोन्ही मिसळून चिखल होतो. दमट हवेत हे वाळणं फार सतावतं. स्केचबुक मात्र सुटलेलं नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन लाटांच्या दिशा टिपते, कारण आकृती नसली की चुकीची रेघ लपवायला जागाच उरत नाही.

असं पहिलं चित्र आईनं पाहिलं तेव्हा ती म्हणाली, “ह्यां काय काडलंस गो? होडी खंय गेली?”

“होडी नाय. नुसतो समुद्र.”

ती जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “वारो सुटलोसो दिसता.”

तिच्या त्या वाक्यावर मी विक्रीची चिंता बाजूला ठेवली. सध्याच्या कॅनव्हासवर लाल फार चढलाय, डावीकडचा करडा दबून गेलाय. परवापर्यंत वाळला तर निम्मा खरवडून काढणार आहे.