पुस्तकाच्या आड

"ए, सरक ना! सारखा काय हलतोयस?" आज वाचनालयात गोष्टीच्या तासाला मागून कुणीतरी ओरडलं.

हलणाऱ्या मुलाच्या कानाला श्रवणयंत्र होतं. ताई गोष्ट छानच सांगत होत्या, पण मोठ्ठं चित्रपुस्तक अगदी तोंडासमोर धरून. त्यात पाठीमागे उघडी खिडकी, म्हणजे चेहरा अंधारातच. ओठ दिसावेत म्हणून पोरगं कधी डावीकडे वाकायचं, कधी उजवीकडे. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. गलक्यातून शब्द वेगळे काढून देईलच असं नाही. उरलेलं काम डोळ्यांनाच करावं लागतं.

पुस्तकात मुलांना आरसाही सापडावा (स्वतःसारखं कुणीतरी) आणि खिडकीही (दुसऱ्यांचं जग), असं अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं. गोष्टीत कोण आहे, कोण नाही, हे आता पुस्तकं निवडताना निदान विचारलं तरी जातं. (सगळीकडे नाही, पण जातं.) सांगणारी व्यक्ती बसते कुठे, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. उजेडाकडे तोंड करून बसायचं, पुस्तक खांद्याशी धरायचं, आधी वाचायचं आणि मग चित्र दाखवायचं. याला ना निधी लागतो, ना ठराव.

तुमच्याकडे गोष्ट सांगणारे हे बघतात का?