आमची वाटचाल : खोड, पुडी आणि डहाणू लोकल

वडील लालबागच्या गिरणीत कामाला. पाळी संपली की चाळीच्या गॅलरीत ढोलकीला पुड्या, म्हणजे तोंडावरची कातडी, चढवायचे. गिरणगावात तेव्हा भजनी मंडळं, नमन, शक्ती-तुरा यांची चलती होती, गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच, आणि जोडधंदा हाच धंदा झाला.

गल्ला आजही ढोलकीवरच चालतो. शिसवाचं खोड, बकऱ्याचं कातडं. शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, बाजूला एकेक थर देऊन दगडानं घोटत बसायचं, धुमाला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, आतून मसाला. पावसाळ्यात सकाळी सुरात लावलेली पुडी दुपारी उतरते, आणि गणपतीची घाई नेमकी तेव्हाच! नटबोल्टाची ढोलकी लोक मागतात, आम्ही देतोही. पण कडी-दोरीनं ताणलेल्या ढोलकीचा गोडवा तिला नाही, हे मी तोंडावर सांगतो.

२०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल गेली आणि तारप्याचं, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचं, काम सुरू झालं. तारपा आम्ही बनवत नाही. जव्हारकडचे वारली कारागीर बनवतात, आम्ही ते सांगतील त्या किमतीला घेऊन विकतो. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा; सांधे मेणानं बुजवलेले. वाजवणारा गालात हवा धरून नाकानं श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. दिवाणखान्यात टांगायला तारपा मागणारे बरेच. त्यांना मी आधी फुंकून दाखवतो.

आता माल कमी येतो. मागणी आहे, हात आहेत, पण बांबूच्या बेटांकडे जाणाऱ्या माळावरच्या पायवाटा फार्महाऊसच्या तारेनं अडल्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातला बांबू, मध, मेण गोळा करून विकायचा हक्क तिथल्या लोकांना दिला. हक्क मिळाला तरी तिथवर पोचायला वाट नको का? कारागीर लांबच्या रस्त्यानं मोळी आणतो. त्या फेऱ्याची मजुरी आम्ही किमतीत धरतो, म्हणून आमचा तारपा महाग.

पाऊस सरला की शिकणाऱ्यांना आम्ही तिकडे नेतो. यायचं असेल तर दुकानात आधी सांगा. चालणं बरंच आहे, आणि परतताना तारपा हातात असेल तर विरारनंतरच्या गर्दीत तो डोक्यावर धरावा लागतो.